गोडं पाणी

गुल्हाने काका मिठाचं पाणी जिभेनं मोजायचे. करंगळी टाकीत बुडवायची, जिभेच्या टोकाला लावायची, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा, "डाळीपेक्षा जास्त, लोणच्यापेक्षा कमी. बरोबर हाये." खारटपणा मोजायचं काचेचं साधन त्यांच्या कपाटात होतं. त्यांची सगळी नोकरी यवतमाळातल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर म्हणून झाली होती आणि निवृत्तीच्या दिवशी विभागानं ते साधन त्यांना भेट दिलं होतं. ते डबीतून बाहेर काढलेलं मी एकदाही पाहिलं नाही. "ते साहेबलोकाइसाठी," म्हणायचे.

काका गेल्या हिवाळ्यात गेले. आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मी पुण्यात ऑफिसमध्ये होते. मी "बरं" म्हणाले, फोन उलटा ठेवला आणि समोरचं काम संपवलं. त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझी एक चूक सांगावी लागते. ती वगळून लिहून पाहिलं, पण मग उरलेले काका खरे वाटेनात.

बाबांची बदली यवतमाळला झाली तेव्हा मी आठवीत होते. लोहारा रस्त्यावरच्या कॉलनीत आमचं घर आणि काकांचं घर यांच्यात एक कमरेएवढी भिंत होती. त्याआधी आम्ही ठाण्याला फ्लॅटमध्ये राहायचो, शाळा इंग्रजी माध्यमाची, घरातलं मराठी जेवणखाण आणि अभ्यास एवढ्यापुरतं. यवतमाळची बोली मला कळायचीच नाही. कोणी "काहून बोलत नाही वं?" असं विचारलं की मी हसायचे. हसलं की लोक पुढे विचारत नाहीत, एवढं मला कळलं होतं.

एकदा आईनं ढोकळ्याचा डबा देऊन मला त्यांच्याकडे पाठवलं. काका बैठकीत जमिनीवर बसले होते. पांढरा सदरा, बाह्या दोनदा दुमडलेल्या, खिशात पेनाच्या जागी काचेचा ड्रॉपर. पुढे काळा कागद, एका हातात भिंग, दुसऱ्या हातात सुई.

"या मॅडम," मान वर न करता म्हणाले, "बसा. बोलू नका. त्रेसष्ट झाले."

मला न बोलणं छान जमायचं. मी बसले. शंभर झाल्यावर त्यांनी कागद अलगद उचलून त्यावरची पुडीसारखी बारीक अंडी एका उलट्या बाटलीत सोडली. शीतपेयाची मोठी बाटली होती ती, बूड कापलेली, तोंडाला बूच लावून उलटी टांगलेली. आत मिठाचं पाणी, त्यात बुडबुड्यांची नळी, वर टेबलावरचा दिवा.

"पेरणी झाली," काका म्हणाले. "उद्या संध्याकाळी उगवण पाहाले येजो."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "पोरीले पाणी तरी विचारा! किड्याइची चौकशी होते घरात, माणसाइची होत नाही."

"किडे नाही, आर्टेमिया," काका मला हळूच म्हणाले. "समुद्रातल्या झिंग्याची मिठागरातली बहीण. काकूले सांगू नको, तिले किडे म्हणाले आवडते."

दुसऱ्या दिवशी मी गेले. काकांनी खोलीतला दिवा मालवला आणि बाटलीच्या एका बाजूला विजेरी धरली. थोड्या वेळानं त्या उजेडापाशी नारिंगी ठिपके गोळा झाले, मधूनमधून झटके देत पोहणारे. काकांनी ड्रॉपरनं एकेक टिपून मोजले. नऊ.

त्यांनी वहीत नऊ लिहिलं. त्याच पानावर वरपासून आधीच्या उगवणींचे आकडे होते: एक्याऐंशी, चौसष्ट, चाळीस, बावीस. खाली हा नऊ. काका शेतकऱ्याच्या घरचे. त्यांचे भाऊ बाभुळगावकडे कापूस, सोयाबीन पेरत. पेरणीआधी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायचे, किती उगवले ते मोजायचं आणि मग बियाणं पेरायचं की नाही ते ठरवायचं, ही तिकडची रीत. काका तीच रीत या अंड्यांना लावत होते. फक्त त्यांना दुसरं बियाणं आणायचं नव्हतं.

ही अंडी रसिकाताईच्या डब्यातली होती. रसिकाताई त्यांची एकुलती मुलगी. मी तिला पाहिलं नाही. ती मत्स्यशास्त्र शिकायला बाहेरगावी होती. एका दिवाळीच्या सुट्टीत तिनं अंड्यांचा छोटा डबा आणला, बाटली कापली, बापाला शेजारी बसवून पहिली उगवण केली आणि त्यातली पिल्लं काचेच्या टाकीत सोडली. सुट्टी संपायच्या आत तिला ताप आला. चार दिवसांत ती गेली. हे सगळं मला आईकडून कळलं. काका एवढंच म्हणायचे, "टाकी रसीनं लावली." काकू तेवढंही म्हणत नसत.

मी पाहिली तेव्हा ती टाकी सहा वर्षं चालू होती. ही कोळंबी दोन-तीन महिने जगते, पण तिची पिल्लं मोठी होतात, त्यांना पिल्लं होतात. दीड हात लांब टाकीत शे-दोनशे जीव असायचे, नखाएवढे, आरपार दिसणारे. उताणे पोहायचे. पायांच्या दोन रांगा पाण्यात अशा हलायच्या की वाऱ्यावर झालर हलते आहे असं वाटावं.

त्या वर्षी दिवाळीनंतर काकांनी पुन्हा शंभर मोजले. मी शेजारी होते. दोन दिवस वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी विजेरी धरली. उजेडापाशी कोणी आलं नाही. काकांनी वहीत शून्य लिहिलं, त्याभोवती चौकट काढली.

"डबा झाला," म्हणाले. "आता जे हाये ते टाकीत."

ती टाकी संपली की रसिकाताईच्या हातचं जिवंत असं काही उरणार नव्हतं. हे मला तेव्हाच कळलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

बसस्टँडकडे शोभेच्या माशांचं दुकान असलेला एक माणूस काकांकडे यायचा. माशांच्या पिल्लांना ताजं खाद्य म्हणून त्याला आर्टेमिया हवी असायची. काका त्याला त्याच्याच पाकिटातली अंडी उगवून द्यायचे, बाटली भरून, हौसेनं. एकदा तो टाकीकडे बोट दाखवून म्हणाला, "काका, याच्यातले मोठे मोठे द्या न बाप्पा. माह्ये मासे निरा उपाशी हायेत."

"हे खाद्य नाही."

"मंग काय हाये?"

काका टाकीपुढे जाऊन उभे राहिले. शेवटी काकूच आतून म्हणाल्या, "जावई हायेत आमचे! मान ठेवून बोल जरा."

काकूंचं असं होतं. त्या टाकीला नावं ठेवायच्या, तिच्यावर ओला पोछा आपटायच्या. "नळ आठ दिवसानं येते, देवाच्या आंघोळीले पाणी नाही, अन् याइच्या किड्याइले ड्रम भरून," असं सगळ्या गल्लीला ऐकवायच्या. पण एप्रिलात एकदा भर दुपारी तास-दोन तास वीज गेली तेव्हा मी त्यांच्याकडेच होते. हवेचा पंप बंद पडला. काका सायकलचा पंप घेऊन आले, त्याला नळी जोडली आणि हलक्या हातानं हवा देऊ लागले. दहा मिनिटांत घामानं निथळले. काकू पीठ मळत होत्या. कणकेचे हात तसेच घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सरका."

"राहू दे, तुह्यं पोट दुखून राह्यलं नं सकाळपासून."

"पोट दुखून राह्यलं, हात नाही. सरका म्हटलं."

वीज येईपर्यंत दोघं आळीपाळीनं तो दांडा वरखाली करत राहिले. काकू मोजत होत्या. वीस झाले की काका, वीस झाले की काकू. पंपाच्या दांड्यावर कणीक वाळून बसली.

आमच्या खिडकीतून त्यांची बैठक दिसायची. सकाळी काका आंघोळीला गेले की काकू टाकीचा दिवा लावायच्या आणि पदर सावरून काही क्षण तिथे उभ्या राहायच्या. देवाजवळचा दिवा त्यानंतर. बाथरूमची कडी वाजली की काकू लगेच झाडू हातात घ्यायच्या. हे मी कोणाला सांगितलं नाही.

पोट दुखत होतं ते खड्यांमुळे. पित्ताशयात खडे निघाले आणि मे महिन्यात नागपूरला ऑपरेशन ठरलं. आठवडाभर जावं लागणार होतं. काकू तारीख पुढे ढकलू पाहत होत्या. "थोडं ऊन उतरू द्या. अशा तपनात टाकीले कोण पाहीन?" त्यांच्या तोंडून टाकीची काळजी मी पहिल्यांदा ऐकली. काका म्हणाले, "मॅडम पाहीन."

त्यांनी मला सगळं दाखवलं. कूलरची हवा टाकीवर यावी असं स्टूल ठेवलं होतं. टाकीभोवती माठाला गुंडाळतात तसं ओलं पोतं. ते सकाळ-संध्याकाळ भिजवायचं. मग प्रयोगशाळेत लावत तशी पांढरी चिठ्ठी टाकीवर चिकटवली. अक्षर मोत्यासारखं. एक, सकाळी तांब्याभर गोडं पाणी. दोन, संध्याकाळी यीस्टचे पाच थेंब. तीन, काही अडलं तर फोन.

"समजलं?"

"हो," मी म्हणाले.

मला 'फ्रेश वॉटर' माहीत होतं. भूगोलात नद्यांचं पाणी आणि समुद्राचं पाणी हा फरक मला इंग्रजीत पाठ होता. बाष्पीभवन माहीत होतं. पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, हे तर मी प्रयोगाच्या वहीत चित्र काढून लिहिलं होतं. पण आमच्या घरात पाणी एक तर प्यायचं असायचं, नाहीतर वापरायचं. खारं नसलेल्या साध्या पाण्याला मराठीत गोडं पाणी म्हणतात, हे माझ्या कानावर कधी आलंच नव्हतं. मला गोड माहीत होतं. आई पाव करायची तेव्हा यीस्ट आधी कोमट पाण्यात साखर घालून फुलवायची. टाकीत तर यीस्ट घालायचं होतंच. मला ते इतकं बरोबर वाटलं की विचारण्यासारखं त्यात काही दिसलं नाही.

दोन चमचे साखर, तांब्याभर पाणी. मी चांगली ढवळून टाकायचे. थेंबही सांडू नये म्हणून जपायचे, तरी थोडं सांडायचं.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ दिसायला लागलं. चौथ्या दिवशी कोळंबी वर वर, पाण्याच्या कडेला येऊन राहिल्या, पाय मंद हलत होते. मला वाटलं, उन्हानं गळून गेल्यात, खायला कमी पडतंय. मी चार चमचे केले. चिठ्ठीवर फोनचा नंबर होता. मी दोनदा तो फोनवर टाइप केला आणि पुसला. काय बोलायचं, कसं सुरू करायचं, आणि समोरून काकूंनी फोन उचलला तर? मला फोनवर बोलायची फार भीती वाटायची. आईला विचारलं असतं, पण आई म्हणाली असती, "साधी टाकी सांभाळता येत नाही?" सहाव्या दिवशी टाकीत काही हलत नव्हतं. पाण्याला वास येत होता. मी तरीही रोज जात राहिले, पोतं भिजवत राहिले, साखरपाणी घालत राहिले. थांबले असते तर काहीतरी संपलं हे कबूल करावं लागलं असतं.

नागपूरचा मुक्काम लांबला आणि ते अकराव्या दिवशी आले. रिक्षातून उतरवून काकूंना आतल्या खोलीत निजवलं. काका बैठकीत आले. मी दाराशी होते. पाणी त्यांना लांबूनच दिसलं असणार. पण ते आधी वाकले ते स्टुलाच्या पायापाशी. तिथून वर टाकीच्या कडेपर्यंत काळ्या मुंग्यांची रांग लागली होती. खाऱ्या टाकीला मुंग्या लागत नाहीत. त्यांनी त्या रांगेकडे पाहिलं, मग करंगळी पाण्यात बुडवली. ते पाणी, त्या वासाचं. आणि जिभेला लावली. डोळे मिटले.

"काय झालं हो?" आतून काकूंनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

काका डोळे मिटूनच म्हणाले, "गेले. उन्हानं. लय तापलं घर, कूलरनं काय होते?"

मग माझ्याजवळ आले आणि अगदी खालच्या आवाजात, प्रयोग करणाऱ्या मुलाला मोजमाप विचारावं तसं त्यांनी विचारलं, "किती चमचे?"

"आधी दोन. मग चार."

त्यांनी मान हलवली. "गोडं म्हणजे बिनमिठाचं. साधं. मीच नीट लिहाले पाहिजे होतं." मग म्हणाले, "घरी जा आता. काकूले काही बोलू नको."

मी गेले.

पुढचे काही दिवस काकांनी टाकीच्या तळचा गाळ वर्तमानपत्रावर सावलीत वाळवला, चाळला आणि पुन्हा मिठाच्या पाण्यात सोडला. उगवलं नाही. पुन्हा वाळवला, पुन्हा सोडला. "दुबार पेरणी," म्हणाले. मी भिंतीपलीकडून पाहत होते. त्यांनी मला हाक मारली आणि समजावून सांगितलं, कारण समजावून सांगणं हा त्यांचा स्वभाव होता. पाणी चांगलं, खायला भरपूर असं असलं की ही कोळंबी सरळ जिवंत पिल्लं देते. पाणी आटायला लागलं, मीठ वाढलं, हाल व्हायला लागले, तरच ती टणक कवचाची अंडी टाकते, वर्षानुवर्षं टिकणारी. "मी याइले निरा लाडात ठेवलं. कधी पाणी कमी होऊ देल्लं नाही. थोडे हाल केले असते तर तळाशी काही राह्यलं असतं."

त्या दिवसापासून मला काही सांगितलं की ते थांबायचे आणि विचारायचे, "समजलं नं? का नुसतं हाव म्हणून राह्यली?" त्यात टोमणा नव्हता. शब्द बदलून पुन्हा सांगायचे. दहावीचं मराठी मला त्यांनीच शिकवलं.

पण खरं नुकसान दुसरीकडे झालं होतं, आणि ते मला पावसाळ्यात कळलं. काकू आमच्याकडे आईसोबत तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. मी आत पुस्तक घेऊन होते. आईनं तब्येत विचारली तेव्हा काकू म्हणाल्या, "तब्येतीले काय झालं? मस्त हाये. माह्या पोटातल्या खड्यापायी पोरीचं होतं नव्हतं तेवढं गेलं. मी गेली नसती नागपूरले, तर हे घरी असते. यायनं उन्हाचं बरोबर पाह्यलं असतं."

"असं नका म्हणू हो."

"पाह्य न, सहा-सात वर्षं राखलं त्याइनं. अन् मले आत्ताच खडे व्हाचे होते."

त्याच वेळी काका काकूंना बोलवायला आले होते. आमच्या दारात चप्पल काढायला वाकलेले. त्यांनी ते ऐकलं. मी पुस्तकातून वर पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी काढलेली एक चप्पल पुन्हा पायात घातली आणि काकूंना न बोलावताच परत गेले.

मी तेव्हाच बाहेर येऊन सांगू शकले असते. मधे पाच पावलं होती.

त्यानंतर काकू ते वाक्य पुष्कळदा बोलल्या. कोणी पाहुणा आला, रिकाम्या टाकीबद्दल विचारलं, की बोलायच्या. काका त्या वेळी काहीतरी शोधायला उठायचे. दुकानदारानं आपणहून एक नवं पाकीट आणून दिलं होतं. काकांनी ते "उपकार झाले" म्हणून घेतलं आणि फळीवर ठेवलं. ते उघडलेलं मी पाहिलं नाही. पुढे मी पुण्याला शिकायला गेले आणि काका-काकू ढाणकीला काकूंच्या माहेरी, भावाच्या घराशेजारच्या दोन खोल्यांत राहायला गेले. कॉलनीतलं घर भाड्याचं होतं, आणि एकट्यानं म्हातारपण काढण्यापेक्षा बरं, असं आई म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी आईनं फोनवर सहज सांगितलं, "गुल्हाने काकूंचा फोन आला होता. अजून तेच गं. म्हणे, माझ्या ऑपरेशनपायी. किती वर्षं झाली, पण डोक्यातून जातच नाही बाईच्या."

मी सुट्टी टाकली. यवतमाळला घरी न थांबता उमरखेडची बस धरली, तिथून ढाणकी. बसमध्ये वाक्यं पाठ करत होते. मराठीतली.

काकूंनी दार उघडलं आणि ओरडल्याच, "अवं माय! मॅडम! किती वाळली वं! पुण्यात जेवाले देत नाहीत काय?" काका आतल्या खाटेवरून उठले. बारीक झाले होते. सदऱ्याच्या बाह्या तशाच दुमडलेल्या, पण दुमडीतून हात काटकीसारखा दिसत होता. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना कळलं असावं. ते पुन्हा खाटेवर बसले.

मी पाणीही न घेता सांगून टाकलं. थांबले असते तर सांगितलं नसतं. गोडं पाणी, साखर, दोन चमचे, चार चमचे. उन्हानं नाही, काकू. मी.

काकूंनी विचारलं, "साखर?" आणि एकदम हसू फुटलं त्यांना, पदर तोंडावर धरून. "अवं बाई! गोडं पाणी म्हणून साखर टाकली झिंग्याइले? शरबत पाजलं?" खांदे हलत होते. मग हसता हसता त्यांची नजर काकांकडे गेली, आणि काका हसत नव्हते. काकूंचं हसू तिथेच थांबलं.

"तुमाले माहीत होतं?"

"हाव."

"कवापासून?"

"आलो त्या दिवशीच."

बाहेर कोणाच्या तरी शेळ्या ओरडत होत्या. काकूंनी पदर हळूहळू खाली घेतला.

"आठ वर्षं मी माह्या पोटाले शिव्या देल्या. तुमी आयकत बसले."

"पोरगी लहान होती," काका म्हणाले.

"अन् मी मोठी होती, म्हणून?"

काकू माझ्याकडे वळल्या. माझ्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला, अगदी खरा. "तुह्यावर राग नाही वं माय. पोट्टी होती तू." आणि स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज नेहमीसारखाच येत होता. चहा घेऊन आल्या तेव्हा ताटलीत दोन कप होते. एक मला दिला, एक स्वतः घेतला, आणि पुण्यातल्या भाज्यांबद्दल विचारत बसल्या. काका त्या दोन कपांकडे पाहत नव्हते. त्यांनी चहा मागितलाही नाही.

परतीच्या बसला वेळ झाला. काका म्हणाले, "सोडून देतो." काकू दारापर्यंत आल्या, मला शेंगदाण्याची पिशवी दिली, "येत जाजो," म्हणाल्या. काकांना काही म्हणाल्या नाहीत.

थांब्यापर्यंत बाजारातून जावं लागतं. काका हळू चालत होते, मी त्यांच्या पावलाला पाऊल जुळवत होते. तराजूंच्या दुकानापाशी ते थांबले, दम घेतला.

"बरं केलं सांगितलं," म्हणाले. "मले जमलं नाही. रोज वाटे, आज सांगावं. मंग वाटे, तुह्यं नाव घ्यावं लागन." पुढे म्हणाले, "अन् नंतर तर भेव वाटाले लागलं. जितके दिवस जात तितकं जास्त."

"सॉरी, काका."

"काहून? सगळं बरोबर सांगितलं तू. एक शब्द चुकला नाही." हे बोलताना ते हसले, आणि मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं, याची मला अजून लाज वाटते.

त्या दोघांत पुढे काय झालं, किती दिवस काकू बोलल्या नाहीत, की त्याच संध्याकाळी बोलल्या, मला माहीत नाही. काकांच्या शेवटच्या आजारात काकूच सगळं करत होत्या, असं आई म्हणाली. पण ते करणं आणि बोलणं यात फरक असतो, आणि मी विचारलं नाही.

बस आली. मला खिडकीची जागा मिळाली. काकांनी हात वर केला, मीही केला. मग बस सुटेपर्यंत बराच वेळ गेला, कंडक्टर कोणाशी तरी वाद घालत होता. काका तोवर रस्ता ओलांडून पलीकडच्या लिंबाखाली गेले होते. मला वाटलं, आता घराकडे निघतील. घर डावीकडे होतं. ते डावीकडे वळले, चार पावलं गेले, थांबले आणि परत लिंबाखाली आले. तिथे चहाची टपरी होती. टपरीवाल्यानं काही विचारलं असावं, कारण काकांनी मान हलवून नाही म्हटलेलं मला दिसलं. मग ते बाकावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, जसं एखाद्या ऑफिसात आपलं नाव पुकारण्याची वाट पाहत बसतात तसे.

बस वळली तेव्हाही ते तिथेच बसलेले होते.